तुझ्या वाटची कौलं

लीला, दुपारी मी अजून दार नुसतं लोटून ठेवते, कडी लावत नाही. सकाळची शाळा सुटली की घरी येते, दोन घास खाते आणि हात धुताना कान दाराकडे असतो. तू यायचीस, चपला बाहेर काढायचीस आणि उंबऱ्यातूनच म्हणायचीस, "पाच मिनिटं पडते गं विमल. आमच्यात भट्टी पेटलीय." माझ्या छपरात तेव्हा एक काचेचं कौल होतं, त्यातून फरशीवर उजेडाचा तुकडा पडायचा. त्याच्या शेजारी तू उशीशिवाय आडवी व्हायचीस आणि मिनिटाभरात घोरायला लागायचीस. आपण घोरतो हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. आता हो-नाही म्हणायला तू नाहीस, म्हणून मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. वसाहतीत सगळे तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात, आणि त्याचाच मला राग येतो. विहारातल्या शोकसभेत एकाने तुला त्यागमूर्ती म्हटलं. मी मागच्या सतरंजीवर बसले होते. वाटलं, उठावं आणि सांगावं की ही बाई मूर्तीबिर्ती काही नव्हती, ही हट्टी होती, आणि त्या हट्टापायीच आज आपण इथे बसलोय. पण पुढे तुझा नवरा, आमचे शंकरभावजी, मान खाली घालून बसले होते. मी उठले नाही.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय, लीला. ते एकटीला पुढे नेता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आपली वसाहत म्हणजे गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी बांधलेल्या चार ओळी, धामणकर नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. प्रत्येकाला एक खोली, पुढे पडवी आणि डोक्यावर सिमेंटचे पत्रे. पत्रे इतके खाली की भावजी हात वर करून त्यांच्यावर बोटं वाजवायचे. मागच्या भिंतीला खिडकी नाही. भर दिवसा दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नसत. उन्हाळ्यात पंखा गरम वाराच फेकायचा, आणि लाइट गेली की तोही नाही. तू घरी चरख्यावर कांड्या भरायचीस, लूमच्या धोट्यात बसतात त्या सुताच्या कांड्या. दुपारी हाताच्या घामाने सूत ओलं व्हायचं आणि सेठचा माणूस नाक मुरडून माल परत करायचा. भावजींची लूमवर रात्रपाळी. म्हणजे ते झोपणार भर दुपारी, त्याच पत्र्याखाली. तोंडावर ओला पंचा घेऊन पडलेल्या त्या माणसाला मी कितीदा पाहिलंय. या वसाहतीत गार छपराची ज्या घराला सगळ्यात जास्त गरज होती ते तुझंच होतं. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही म्हटलं होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मंडळाने दुरुस्ती काढली. आपल्याला वाटलं, नेहमीचंच, जुने पत्रे जाऊन नवे पत्रे येतील. पण या वेळी आलेला इंजिनीअर वेगळा निघाला. पोरगेलासा, सांगलीकडचा, आणि राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय घराला हात लावायचा नाही असं त्याने मनाशी ठरवलेलं. विहारापुढे सभा घेऊन त्याने भिंतीवर निळा नकाशा लावला. सगळे माना डोलावत होते आणि कळत कोणालाच नव्हतं. ते त्याच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी तो चुन्याची पिशवी घेऊन आला आणि मैदानात त्याने खोलीच आखली, खऱ्या खोलीएवढी लांब, तेवढीच रुंद. म्हणाला, "आता आत या आणि मला सांगा, कुठं काय पाहिजे."

पुरुष हाताची घडी घालून बाजूला उभे. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तू पहिली आत गेलीस, आणि तीसुद्धा रेघ ओलांडून नाही. जिथे दार आखलं होतं तिथे चप्पल काढलीस आणि दारातून गेलीस. ते बघून बाकीच्या आल्या. एक म्हणाली चूल इथे, दुसरी म्हणाली मग धूर कुठे जाणार. मथुराआजी, ज्यांचा शब्द वसाहतीत कोणी मोडत नाही, त्या तर पाय कुठवर जातात ते बघायला चुन्यात सरळ आडव्या झाल्या. "पाय दारात जात्यात माझं. मेल्यावर काढाया बरं हाय, पर तवर काय करू?" इंजिनीअर हसता हसता खाली बसला.

त्या मैदानातच सगळं ठरलं. भिंती हातभर उंच करायच्या. पत्र्याऐवजी कौलं, कौलांखाली बांबूची चटई. दारावर आणि मागच्या भिंतीत विटांची जाळी, म्हणजे खाडीकडचा वारा एकीकडून येईल आणि दुसरीकडून जाईल. प्रत्येक घराला एक काचेचं कौल, म्हणजे दिवसा दिवा नको. जाळीवरून मात्र वादावादी झाली, कारण शेजारचं बोलणं ऐकू येईल अशी सगळ्यांना काळजी. तू म्हणालीस, "मग आता काय ऐकू येत न्हाय का?" आदल्याच दिवशीचं एका घरातलं भांडण सगळ्या ओळीला पाठ होतं.

विटा आणि गवंडी मंडळाचे, अंगमेहनत आपली आणि कौलंही आपण जमवायची, असा करार होता. कौलं जुनीच घ्यायची हे इंजिनीअरचं आणि तुझं एकमत. गावागावांत लोक कौलारू घरं पाडून स्लॅब टाकत होते आणि चांगली भाजलेली कौलं उकिरड्यावर जात होती. खारबावला आपण दोघी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसून गेलो, ते आठवतं? जमीनवाले लोक, मोठं खळं, अर्धं घर पाडलेलं. म्हातारा ओटीवर खिन्न बसला होता. "न्या गो बायांनो, सगली न्या. पोराला सलाबचा घर पायजे, मना कोन इचारतंय? पन सांगतो, अशी गार कौलां आता मिलायची न्हाय." त्याच्या सुनेने आपल्याला ओटीवर बसवून चहा दिला, घरच्याच कपांत. तू चहा प्यालीस आणि कप खाली ठेवलास. विसळायला उठली नाहीस. मी तिरप्या नजरेने बघत होते. टेम्पो कोन गावच्या रस्त्याला लागला. मग म्हणालीस, "आई असती तर तिला सांगितलं असतं." तुझ्या आईला अशा घरांच्या अंगणापुढे कधी कोणी येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी टेम्पोत तुझा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, आणि मला वाटलं, या बाईबरोबर मी कुठेही जाईन.

सामानाच्या खोलीची किल्ली एकमताने तुझ्याकडे आली. त्याला कारण होतं. मागे पाण्याचा नळ आला तेव्हा वसाहतीच्या समितीच्या सेक्रेटरीने तो स्वतःच्या दारासमोर बसवून घेतला होता आणि त्यावरून वसाहतीत वर्षानुवर्षं कोणाचा कोणावर भरवसा राहिला नव्हता. मग कोणाचं घर आधी, या प्रश्नावर सभा बसली. आधी सगळी कुरकुर, मग आरडाओरडा. तेव्हा तू उठलीस.

"आपल्यात जेवणावळ असली की वाढणारा कवा बसतो? शेवटच्या पंगतीला. किल्ली माझ्याकडं हाय म्हणजे पळी माझ्याकडं हाय. मीच आधी माझ्या ताटात वाढून घेतलं तर तुमी इस्वास ठेवाल का? माझं घर शेवटी. आता बाकीच्यांचं ठरवा."

सभेत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी जाताना मात्र मी तुला गाठलं आणि म्हटलं, "अगं, भावजींचा तरी विचार कर. तो माणूस दिवसा झोपतो." तू म्हणालीस, "शेवटी म्हणजे काय दहा वर्षांनी का? दिवाळीच्या आत होईल." मला तेव्हा ते पटलं. खरंच सगळं झरझर चाललं होतं.

माझं घर पहिल्या ओळीत असल्याने लवकर झालं. पत्रे उतरले त्या दिवशी खोलीत आकाश दिसत होतं. कौलं चढली आणि पहिल्याच दुपारी मी दिवा लावायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. गरजच नव्हती. त्या महिन्याचं लाइटबिल बघून आमचे हे म्हणाले, मीटर बिघडलाय वाटतं. असं एकेक घर होत गेलं. प्रत्येक घर पूर्ण झालं की तू स्वतः येऊन मागच्या भिंतीला थोडी जादा कौलं रचून द्यायचीस. "फुटतुटीला ठेवा. पोरं बॉल मारत्यात." त्या चवडी वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मागे तशाच राहिल्या. शेवाळ धरलं त्यांच्यावर. त्या चवडींकडे मला पुन्हा यायचं आहे.

चौथ्या, म्हणजे तुझ्या ओळीच्या भिंती उंच झाल्या, जाळ्या बसल्या, वासे चढले, आणि पाऊस तोंडावर आला. शेवटच्या काही घरांना कौलं कमी पडली. इंजिनीअर म्हणाला, तात्पुरते जुने पत्रेच टाकू, पावसाळा उलटला की कौलं घालू. आणि पावसाळ्यातच त्याची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी खुर्चीवर बसूनच सांगितलं की इथे पुढेमागे इमारती होणार आहेत, तेव्हा दुरुस्ती बंद. इमारतींचं अजून काही दिसत नाही. तुझ्या घरावरचे तात्पुरते पत्रे मात्र शेवटपर्यंत तात्पुरतेच राहिले.

त्यानंतरची वर्षं मला नीट सांगता येत नाहीत, कारण त्यात काही घडलंच नाही. म्हणजे घडत होतं, पण थोडं थोडं. कुठे घर पडल्याचं कळलं की आपण जायचो, हातगाडीभर कौलं मिळायची. तेवढ्या कौलांत तुझं घर झालं असतं. पण तू ती मथुराआजींच्या घरावर घातलीस, त्यांना दम्याचा त्रास म्हणून. पुढची एका घरात पोरीची दहावी होती म्हणून तिथे. मग सगळी घरं झाली, फक्त तुझं उरलं, आणि मी मनात म्हटलं, चला, आता तरी. तेवढ्यात बालवाडीचा पत्रा तडकला. तू कौलं बालवाडीवर चढवलीस आणि तुझ्या वाटचं काचेचं कौलसुद्धा तिथेच बसवलंस. भावजी तेव्हा तुझ्यावर पहिल्यांदा सगळ्यांसमोर ओरडले. "सगळ्या दुनियेचं आधी, आणि आमचं शेवटी. शेवटी म्हंजी कवा, लीला? मी मेल्यावर?" तू नुसती हसलीस. ते हसणं मला आवडलं नाही.

आणि मग गेल्या वर्षीची ती दुपार. तू माझ्या फरशीवर पडली होतीस, मी वह्या तपासत होते. मी म्हटलं, "लीला, तुला मोठेपणा वाटतो तो मोठेपणा नाही. सवय आहे. आपल्या आया सगळ्यांना घालून शेवटी जेवायच्या, करपलेली भाकरी त्यांच्या ताटात. त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनी कोणाला विचारलं नाही. तू ती भाकरी चुलीपुढून उचलून सभेत आणलीस, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ती भाकरी तू एकटी खात नाहीस, भावजींनाही खायला लावतेस."

तू उठून बसलीस. पदर नीट केलास. "तुझ्या घरात गार वाटतं म्हणून तुला असलं सुचतं, विमल," एवढंच म्हणालीस आणि गेलीस.

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. पण माझंही खोटं नव्हतं. पुढचे बरेच दिवस तू दुपारी आली नाहीस. तुझ्या घरावरून शाळेत जाताना आतून चरख्याची घरघर यायची, मी मान वळवायचे नाही. आपण दोघीही त्या पत्र्यांसारख्याच, एकदा तापलो की लवकर निवत नव्हतो. मग एका दुपारी तू सुकटाची चटणी घेऊन आलीस, काही झालंच नाही अशी. आडवी झालीस. डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "तुझं समदंच चुकीचं न्हाय गं."

मी पेन खाली ठेवलं. "काय चुकीचं नाही?"

"एकदा बसून बोलू." आणि घोरायला लागलीस.

ते एकदा काही आलं नाही. मी पुन्हा विचारलं असतं तर तू बोलली असतीस का? मला वाटायचं, बाई वळणावर आलीय, घाई कशाला. शिवाय चटणी चांगली झाली होती.

एप्रिल महिना, शुक्रवार. शुक्रवारी लूम बंद असतात, एरवी दिवसरात्र चालणारी खडखड नसते, आणि अशा शांततेत मला नेमकी गाढ झोप लागते. एरवी भावजी झोपले की तू माझ्याकडे यायचीस; शुक्रवारी मात्र ते दुपारी जागे असायचे, आणि त्यांना एकट्यांना पत्र्याखाली सोडून यायला तुला बरं वाटत नसे. लाइट दुपारी गेली. भावजी पुठ्ठ्याने तुला वारा घालत होते. तू म्हणालीस म्हणे, "लई घाम फुटलाय, जरा पाणी द्या." ते माठाशी जाऊन तांब्या भरून आले, तेवढ्यात. रिक्षा आली, दवाखाना झाला, पण ते सगळं नुसतं करायचं म्हणून. मला कोणीतरी दार वाजवून उठवलं. दार लोटलेलंच होतं, तरी वाजवलं.

डॉक्टर म्हणाले हृदय. पत्र्याचा काही संबंध नाही, पूर्वीपासूनच असणार, असंही म्हणाले. त्यांना माहीत असणार. मी त्यांचं ऐकलं, आणि तुझ्या घरी गेले, आणि वर बघितलं, आणि मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. डोकं मानतं, बाकीची मी मानत नाही. माझ्या घरात मी गार फरशीवर झोपले होते, लीला. आपल्या दोघींच्या मध्ये फक्त दोन ओळी होत्या.

जलदानाच्या दिवशी, तुझ्या शेवटच्या विधीला, सगळी वसाहत जेवायला होती. वंदना झाली, भंतेजींनी चार शब्द सांगितले, आणि मैदानात पंगती बसल्या, तिथेच, जिथे चुन्याची खोली आखली होती. मी वाढायला होते. भात उतरला, वरणाचं पातेलं खाली आलं, आणि मी पळी घालणार तोच मथुराआजींनी माझा हात धरला. त्यांनी एका डब्यात आधी भात काढला, दुसऱ्यात वरण, भाजी, वर झाकण ठेवून दगड ठेवला, आणि म्हणाल्या, "आता वाढ."

मी विचारलं, "हे कोणाचं?"

"वाढनाऱ्यांचं. त्ये शेवटाला बसत्यात ना. मग त्यांच्या वाटचं आधी काढून ठेवाया नगं? न्हायतर त्यांनी काय खरवड खायाची?"

आजी हे आयुष्यभर करत आल्या आहेत. प्रत्येक लग्नात, प्रत्येक जयंतीला मी तो झाकलेला डबा पाहिला असणार. पण हातातली पळी तशीच धरून मी उभी राहिले आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं तुझ्या आठवणीने. आठवणीनेच, पण रागाने जास्त. म्हणजे रीत नुसती शेवटी बसायची नव्हती. निम्मी रीत वाढणाऱ्याची होती, ती तू पाळलीस. उरलेली निम्मी पंगतीची होती. कोणीतरी तुझ्या वाटचं आधी काढून ठेवायचं होतं. आपल्या भांडणात तूही हे म्हणाली नाहीस आणि मलाही सुचलं नाही. मी सवय सवय म्हणत राहिले, तू विश्वास विश्वास म्हणत राहिलीस, आणि झाकलेला डबा दोघींनाही दिसला नाही. कदाचित "एकदा बसून बोलू" मध्ये हेच असेल. कदाचित नसेल. मला आता कोण सांगणार?

त्या संध्याकाळी मी घराच्या मागे गेले. भिंतीला ती चवड होती, फुटतुटीची, तू रचलेली. वर शेवाळ, खाली गोगलगाई. शेजारच्या घरामागे तशीच. त्याच्या पलीकडे तशीच. मी पहिल्या ओळीच्या टोकापर्यंत चालत गेले, मग दुसरीच्या मागून परत. बॉल लागून फुटली असतील ती थोडीफार, बाकी सगळी जागच्या जागी. एका घराची कौलं इतकी वर्षं वसाहतीतच होती, लीला. थोडी थोडी करून सगळ्यांच्या पाठीमागे होती. तू ती आमच्यासाठी काढून ठेवली होतीस, आणि आपण दोघी हातगाडी घेऊन खारबाव आणि कोन पालथं घालत होतो.

मी कोणाला भाषण दिलं नाही. फक्त शाळेला सुट्टी होती त्या सकाळी माझ्या मागची चवड पाटीत भरली आणि तुझ्या अंगणात नेऊन ओतली. शेजारणीने विचारलं, काय करतेस? सांगितलं. ती आत गेली आणि पाटी घेऊन आली. ऊन चढेपर्यंत तुझ्या अंगणात ढीग झाला होता. पुरुष वासे बघायला वर चढले. कौलं अडकवायच्या लाकडी रिपा कुजल्या होत्या, त्या बदलायच्या ठरल्या.

भावजी पडवीत उभे होते. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या विमलताई. वसाहतीमागल्या झोपडीत ती बाळंतीण हाय, तान्हं पोर घेऊन ताडपत्रीखाली पडलीय. तिच्या डोक्यावर टाका आधी. आमचं काय, शेवटी बघू."

सगळे थांबले. ज्या एका वाक्यावरून तो माणूस तुझ्याशी जन्मभर भांडला, तेच वाक्य त्याच्या तोंडून आलं, आणि तेही तुझ्याच सुरात. मथुराआजी काठी टेकत पुढे आल्या. "शंकर," म्हणाल्या, "शिडी धर."

"आजी, पण ती बाळंतीण..."

"तिचं बी बघू. तू शिडी धर म्हनलं ना."

त्यांनी शिडी धरली. पत्र्याचा पहिला नट गंजला होता, तो कापावा लागला. एकेक पत्रा खाली आला आणि तुझ्या खोलीत आकाश उतरलं. तुझ्या चरख्यावर, तुझ्या माठावर, खुंटीवरच्या तुझ्या पिशवीवर. कौलं पुरली. पुरून उरली, ती बाळंतिणीच्या झोपडीवर गेली, अर्धं छप्पर झालं तिचं. तेवढं तुझं ऐकलं. बाकीचं या वेळी कोणी ऐकलं नाही. काचेचं कौल मात्र कुठे मिळेना, म्हणून मी माझं काढून दिलं. माझ्या घरात आता दुपारी जरा अंधार असतो. वह्या मी पडवीत बसून तपासते.

काल शाळेतून येताना तुझ्या दारावरून आले. लाइट गेली होती, पंखा बंद. दार उघडं होतं. भावजी रात्रपाळी करून आलेले, फरशीवर झोपले होते, तोंडावर पंचा नव्हता. जाळीतून वारा येत होता, तो मला दारातही लागला. उजेडाचा तुकडा त्यांच्या शेजारी पडला होता, आणि त्याच्या पलीकडे एका माणसापुरती जागा मोकळी होती. ती त्यांनी मुद्दाम सोडली होती की झोपेत ते सरकले होते, मला माहीत नाही. मी थोडा वेळ उभी राहिले. मग दार हळूच ओढून घेतलं. कडी लावली नाही.